काटा स्थिरावेपर्यंत

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सगळं ठीक म्हणून लिहायची सवय, पण आज तसं लिहवत नाही. बाबांच्या पायांची सूज गुडघ्यांवर चढली आहे. हृदय थकलंय, मुलाला बोलावून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना मी हे सांगितलेलं नाही, पण माझ्या तोंडावरून त्यांनी ओळखलं असावं.

उभा जन्म कागद कारखान्यात वाफेची झडप फिरवली, त्यामुळे अजून जीव तिथेच. आपोआप वाफ कमीजास्त करणारं ते यंत्र तू बसवलंस का, कागद ओला राहतो की करपतो, रोज विचारतात. मला काय कळतंय, कप्पाळ! तूच येऊन सांग.

लोभ असू दे, आणि रजाही असू दे.
तुझी कटकट

१२ मार्च

चि. कटकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बॅग भरली होती. तेवढ्यात तुझं कार्ड आलं की सूज उतरली, बाबा उठून बसले, तुझ्यावर खेकसलेसुद्धा. जिवात जीव आला. रजा मागे घेतली.

यंत्र बसलंय, पण फार उतावळं. कागद वाळवायच्या शेवटच्या रुळावर तो ओला दिसला की भसकन वाफ सोडतं. रूळ तापायला वेळ लागतो, तेवढाही याला धीर नाही, आणखी सोडतं. मग कागद करपतो, की हे घाबरून वाफच बंद करतं. बाबा मला बजावायचे, झडप जराशी फिरव, हात काढ, दाबाचा काटा स्थिरावू दे. तेच आता यंत्राला शिकवतोय. मीही तुझ्या पुढच्या पत्रापर्यंत थांबतो. बाबांना सांग, चेला शहाणा झाला.

दोघं जपून राहा, माया आहेच.
तुझा दादा

२ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू आलास तेव्हा घर माणसांनी इतकं भरलेलं, की बोलणं झालंच नाही.

तुझं पत्र आलं तोवर सूज परत चढली होती. वाचून दाखवलं. चेला म्हटल्यावर बाबा हसले, बरोबर करतोय म्हणाले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, म्हणजे तो येत नाही का? मी तशीच तार करायला धावले.

परत आले तर त्यांचा उजवा हात चादरीवर होता. चाक धरल्यासारखा जरासा फिरवायचे, हात उचलायचे, आणि दाराकडे बघत राहायचे. मग पुन्हा जरासा. मला बघवेना. तू येईपर्यंत त्यांना दम निघाला नाही, त्याआधीच गेले.

तुझ्यावर राग नाही रे दादा. फक्त एवढी माया ठेव, यापुढे माझं पत्र आलं की दुसऱ्या पत्राची वाट बघू नकोस. निघून ये.

तुझी कटकट