गडव्याच्या बुडावरचं नाव

सुनंदाचे बाबा,

जयभीम घ्या, आणि आता निमूट ऐका.

सारी माणसं डोक्यात घेऊन तुम्ही निघून गेले, आणि इथं मी राखेनं भांड्यांची बुडं घासून राहिली! हात पाहा माझे. नखं काळी, बोटं सोललेली. लगीनघरातल्या बाईचे हात असे असतात का? एका माणसाचा पत्ता धडपणे मला सांगून ठेवता आला नाही तुम्हाला?

पांढुर्ण्यात कोणाचा टेलिफोन नंबर काय, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी यायचं. दुकानदार रस्त्यात अडवायचे, "भाऊ, त्या कापसाच्या जिनवाल्याचा नंबर कोणता?" आणि तुम्ही सायकलवरून न उतरता सांगून पुढं जायचे. खांबावर चढून साऱ्या गावाच्या तारा जोडल्या. आणि आपल्या घरी? टेलिफोन तर नाहीच, सोयरे कुठं राहतात तेही मला ठाऊक नाही!

फोटोसमोर बोलून पाहिलं. सुनंदा म्हणते, "आई, फोटोवर कायले चिडतं?" म्हणून लिहून राहिली. तिसरीत माझी शाळा सुटली, अक्षर वाकडं येते. हसायचं नाही.

पोरीचं जमलं. पोरगा सौसरचा आहे, शाळेत शिकवते, कमी बोलते, तुम्हाला आवडला असता. त्याच्याकडून मोटारभर माणसं येणार. माझा भाऊ वामन पत्रिकेची नावं लिहायला बसला. आमच्याकडची भराभर झाली.

"बाई, आता भाऊजीकडची सांग."

मी तीन-चार सांगितली आणि थांबली.

"अन् बाकीचे?"

"बाकीचे त्यांच्या डोक्यात होते."

"डोकं तं जळलं, बाई."

असा बोलला तो! मी लाटणं उचललं तसा ओसरीवर पळाला. पण खोटं कुठं बोलला? बाप नाही, आणि बापाकडचं कोणी नाही, अशी पोरगी उभी करू का मी मांडवात? सौसरवाले काय म्हणतील? हिच्या बापाला गणगोत नव्हतं?

मग सुनंदालाच आठवलं. "आई, बाबा भांड्याच्या बुडाले टकटक करत न?"

करत म्हणजे काय! आहेरात गंज येवो, परात येवो, तुम्ही आधी ती उलटी मांडीवर घ्यायचे. खिळा आणि हातोडी. ठिपके ठिपके करून देणाऱ्याचं नाव, खाली गाव, त्याच्या खाली गिरणीमागे की निंबाजवळ ते. मी ओरडायची, "भोक पाडसान भांड्याले! मोडीत कोणी घेणार नाई." तुम्ही मान वर न करता म्हणायचे, "डोक्याचा काय भरोसा वो? डोकं फुटलं तं भांडी राह्यतीन."

मला वाटे, नवऱ्याला छंद आहे. कोणाला तंबाखूचा असते, ह्याला ठोकायचा. ही माणसं जपून ठेवायची रीत आहे, हे एकदा बसवून सांगता नाही आलं? मी मागच्या पोळ्याआधी दोन गंज आणि एक पातेलं भांडेवालीला देऊन स्टीलचा डबा घेतला. त्या तिन्हींच्या बुडावर कोण होतं? आता कुठं शोधू? ती बाई त्या नावांसकट कुठल्या गावाला गेली काय माहीत!

आणि बुडावर काहून लिहिलं? आग बुडालाच लागते, एवढं नाही कळलं तारा जोडणाऱ्याला? तुमच्या थोरल्या बहिणीचा गंज आपण रोज भाताला घेतला. त्याच्यावरचं तिच्या नवऱ्याचं नाव गेलं, गावातलं "कोना" एवढंच निघालं. रामाकोना असेल असं धरून वामनला पाठवलं. आहे, जिवंत आहे, म्हातारी झाली, तुमचं नाव काढून रडली म्हणे. आणि लोधीखेड्याचा तुमचा चुलतभाऊ, ज्यानं तुमच्या मातीलाही तोंड दाखवलं नाही, त्याची परात माळ्यावर पडून होती. त्याचं नाव पाहा कसं लखलखून राहिलं, कालच ठोकल्यासारखं! जीव लावणाऱ्याचं नाव चुलीनं खाल्लं आणि ह्याचं राहिलं. हा कुठला न्याय?

तरी चांगली पंधरा-वीस घरं निघाली. मी घासायची, सुनंदा वाचायची, वामन लिहायचा. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग तुमचा गडवा हाती आला.

तोच, पाणी प्यायचा पितळी गडवा. सायकलच्या दांडीला बांधून न्यायचे तो. घरी असले तरी त्यातच प्यायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाही. मी कधी उलटा करून पाहिला नाही. चुलीवर कधी चढला नाही, म्हणून बूड स्वच्छ. सुनंदानं मनातच वाचलं आणि वामनकडे पाहिलं.

"वाच न वो!"

"शेवंता. तिगाव. स्टेशनामागे."

सगळ्या भांड्यांवर बाप्यांची नावं, आणि ह्या एकट्या गडव्यावर बाईचं! तेही नुसतं शेवंता. ना नवऱ्याचं नाव, ना आडनाव. वामन फिदीफिदी हसला, "भाऊजी तं मोठे गुपचूप निघाले!" ह्या वेळी लाटणं लागलं त्याला.

मी हसली नाही. रात्री झोप आली नाही, हे मात्र खरं सांगते. कोण ही? आहेर दिला असता तर मला ठाऊक असतं. पंगतीत भांडं बदलून आलं म्हणावं, तर त्याच्यावर अक्षर तुमच्याच खिळ्याचं. विचारायचं कोणाला? जबाब देणारा खांबावरून उतरायच्या आधीच गेला.

सकाळी पॅसेंजरनं तिगावला गेली. गडवा पिशवीत. स्टेशनामागे विचारत गेली तर पोरं म्हणाली, ते संत्र्याचे ढीग दिसते न, ते घर. आणि माझे पाय थांबले. त्या मोहल्ल्यात आपल्या माणसाला वरून पाणी ओतायचे, ओंजळीत. माझी आई सांगायची. त्या घरच्या बाईचा गडवा तुमच्याजवळ कसा?

म्हातारी ढिगाजवळ बसून संत्री निवडून राहिली होती. डागी एकीकडे, चांगली एकीकडे. मी सरळच विचारलं. मला गोडगोड बोलता येत नाही, तुम्ही ओळखता.

"शेवंता तुम्हीच का?"

"व्हय. तू कोन वो?"

मी गडवा काढून तिच्यासमोर ठेवला. तिनं संत्रं खाली टाकलं. 

"तारवाल्याची बायको का तू?"

"बायको होती. आता नाही."

तिला कळलं. पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. मग सांगितलं. तुम्ही मला कधी नाही सांगितलं, ते तिनं सांगितलं.

भर उन्हाळ्याची दुपार. तुम्ही खांबावरून उतरले आणि दारात पाणी मागितलं. ती नवी सून होती. वरून ओतायचं सोडून तिनं गडवाच तुमच्या हातात दिला. तुम्ही तोंड लावून प्याले. सासूनं पाहिलं.

"अवो, काय तमाशा केला बुढीनं! शेवंते, घर बाटवलं, शेवंते, तुह्या बापानं हेच शिकवलं का! साऱ्या गल्लीनं माहं नाव ऐकलं. गडवा फेकला रस्त्यात. त्यानं उचलला. धूळ पुसली. मले म्हणते, 'घेऊन जाऊ का?' मी दाराआडून मान हालवली."

"मग?"

"मग काय? यायचा कधी तारेच्या कामाले. सायकलले हा गडवा बांधलेला. रस्त्यावरून पाहे. मी आतून पाहो."

"पुन्हा पाणी दिलं?"

तिनं संत्रं उचललं, फिरवून पाहिलं, डागी ढिगात टाकलं. "त्यानं मागितलं नाई," म्हणाली. "अन् मी बी देल्लं नाई."

अहो, तिथंच माझं डोकं फिरलं. कोणावर चिडू? तिच्यावर? तिनं तर दिलं होतं. एकदाच दिलं, पण दिलं. सासू मेलेली. तुम्ही मेलेले. उरली मी, आणि समोरचा तो गडवा!

तिला वाचता येत नाही. मी बूड दाखवलं तर अंगठा फिरवत राहिली ठिपक्यांवर. "हे माहं नाव?" म्हणाली. "माह्या घरात एका भांड्यावर नाई." गडवा तिनं परत माझ्याच पिशवीत घातला. लग्नाचं मी सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. पिशवीत हळदीची पुडी दिसली असेल तिला.

निघताना तिच्या सुनेनं पाणी आणलं, स्टीलच्या ग्लासात. शेवंताबाईनं सांगितलं म्हणून आणलं. मी तोंड लावून प्याली. ग्लास परत दिला आणि चालू लागली. तो ग्लास त्यांनी आत ठेवला की बाहेर ओट्यावर उलटा घातला, ते मी मागे वळून पाहिलं नाही.

पाहायला पाहिजे होतं का? सांगा न! स्टेशनापर्यंत येईपर्यंत तेच डोक्यात. गाडीत बसली तरी तेच.

आता घरात दोन पक्ष आहेत. सुनंदा म्हणते, बाबांनी नाव लिहिलं म्हणजे बोलवायचं माणूस, साऱ्यांच्या भांड्यावर लिहिलं तसंच तिचं. वामन म्हणतो, "ते येईन, अन् आपल्या पंगतीत बसन का? सौसरवाल्यापुढं ताट सरकवून उठली तं? पोरीच्या लग्नात पुन्हा गडवा फेकल्यावानी होईन, बाई." दोघांचं पटते. म्हणून तर कुठंच पाय ठरत नाही.

मला एकच कळत नाही, सुनंदाचे बाबा. तो खिळा ठोकताना तुमच्या मनात काय होतं? पाणी दिलं ते विसरू नये म्हणून लिहिलं, की फेकलं ते विसरू नये म्हणून? राग होता, तर रोज त्याच गडव्यानं पाणी कसं गोड लागलं? आणि माया होती, तर मला एक शब्द काहून नाही? मी भांडायला गेली असती म्हणून? गेलीच असती! त्या सासूला तिच्याच अंगणात...

जाऊ द्या. 

तुम्हाला एक शब्द देते, तो मात्र पक्का. सुनंदाच्या लग्नात जी भांडी येतील, त्यांच्यावर मी स्वतः ठोकणार. तुमचीच हातोडी, तुमचाच खिळा, तुमच्या हत्याराच्या पिशवीतून काढून ठेवला आहे. पण बुडावर नाही. आतून, काठाजवळ, जिथं आग पोचत नाही आणि रोज जेवताना दिसते. आणि प्रत्येक नाव दोनदा, एक तिच्या भांड्यावर, एक माझ्या. म्हणजे तिचं डोकं गेलं तर माझ्याकडे राहील, माझं गेलं तर तिच्याकडे. उद्या तिच्या पोरांना कोणाची बुडं खरवडत बसायला नको.

राहिलं शेवंताबाईचं. मेल्यावर कोणी येत नाही, स्वप्नबिप्न सारं थोतांड, हे तुम्हीच मला शंभरदा शिकवलं. तुमचा नियम तुमच्याजवळ ठेवा. वामन मंगळवारी सकाळी छापखान्यातून पत्रिका आणणार आणि त्याच दिवशी वाटायला निघणार. मला सोमवारी दिवा लावायच्या आत उत्तर पाहिजे. हो की नाही, एवढंच.

नाही आलं, तर तिगावची पत्रिका वामनच्या हाती देणार नाही. मी स्वतः घेऊन जाईन. दारात उभी राहून पाणी मागीन, ह्याच गडव्यात. पिईन, आणि जाताना ह्या वेळी मागे वळून पाहीन.

ते नको असेल, तर सोमवारच्या आत सांगजा.

तुमची,
सुनंदाची आई