खिळ्यावरची प्रूफं

सोमवार, ९ फेब्रुवारी

युद्ध नाही म्हणे! 'मर्यादित उपस्थिती.' सकाळच्या बातम्यांत सरकारच्या त्या गोड आवाजाच्या बाईंनी तीनदा सांगितलं. तीनदा सांगावं लागतं म्हणजे पहिल्या दोनदा त्यांचाही विश्वास बसला नसावा. तिकडच्या समुद्रात दोन देश एकमेकांवर आग ओकताहेत, आणि आपल्या नौदलाची चार जहाजं तिथे 'उपस्थित' राहणार. लग्नाला राहतात तशी! कारण काय, तर आपल्या व्यापारी जहाजांचं रक्षण.

पेपरचं पहिलं पान फाडून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं. बत्तीस वर्षं पेपरात प्रूफं तपासली. जुनं प्रूफ फेकायचं नाही, नवं आलं की शेजारी धरून ताडून बघायचं — सवय काही सुटत नाही. बायको, उत्तरा, म्हणाली, "त्या खिळ्याला माझी चाळणी असते." चाळणी खाली उतरली.

मंगळवार, १०

शेजारच्या सुभद्राबाई कंपाउंडच्या भिंतीपाशी आल्या. त्यांचा रोहित त्या चारांपैकी एका जहाजावर आहे. आचारी. नवरा गेल्यावर पोराला शिकवायला म्हणून बाई खाप्याहून इथे आल्या. घरात दोघंच, आणि आता तर एकट्याच.

"भाऊजी, तुमी पेपरात होते, तुमाले समजते. काही भेव नाही न? माहा पोरगा तं कांदे कापते तिथं. त्याच्या हाती बंदूक नाही."

बाँब काय कांदे कापणाऱ्याला वगळतो, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हणालो, "बघू."

"टीव्हीवरची बाई तं म्हणून राहिली, चिंता करू नका."

त्या बाईंचं कोण आहे तिथे!

गुरुवार, १२

कारण बदललं! आज व्यापारी जहाजांचं नावही नाही. आज 'मित्रदेशाला दिलेला शब्द.' कधी दिला? कुणी दिला? सोमवारी हा शब्द कुठे ठेवला होता? आजचं पान सोमवारच्या पानावर अडकवलं आणि सुभद्राबाईंना बोलावून दोन्ही दाखवली. म्हणालो, "सगळं ठीक आहे म्हणाले की मानायचं नाही. कोण कोण सुखरूप आहे, त्यांची नावं मागायची. यादी मागायची. यादी नाही म्हणजे काहीतरी लपवताहेत." त्यांचा चेहरा उतरला. आणि मला — इथे खोटं कशाला लिहू — जिंकल्यासारखं वाटलं.

जेवताना उत्तरा एकदम म्हणाली, "तिला काहून घाबरवता? तुमचं खरं झालं तर तुम्हाला काय मिळणार आहे?"

मी ताक मागितलं.

शुक्रवार, १३

अंकितचा फोन. पूर्वी आमच्या पेपरात टायपिंगला होता, आता जरीपटक्यात फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, श्रद्धांजली — काहीही छापण्याआधी मला व्हॉट्सॲपवर पाठवतो. मी 'पास' लिहिल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. ही शिस्त त्याला मीच लावली.

"काका, भैय्याजीची ऑर्डर हाये. आपल्या वॉर्डातला जवान म्हणून रोहितचा फ्लेक्स लावाचा हाये चौकात. फोटो भेटन का?"

भैय्याजी म्हणजे आमच्या वॉर्डाचे पुढारी. परवापर्यंत त्यांना रोहित नावाचा प्राणी ठाऊक नव्हता, आज अभिमान उतू चाललाय. दिल्लीहून वरून निरोप आलाय की काय? आईचा हसरा चेहरा आणि पोराचा गणवेश दिसला की मग कोण विचारतंय, कारण कितव्यांदा बदललं ते!

सुभद्राबाईंनी पेटीतून फोटो काढला, पदराने पुसला. पांढरा गणवेश, कान जरा पुढे आलेले. हे सगळं कळत असून तो फोटो मीच अंकितकडे पोचवला. बाईंचा आनंद बघून नाही म्हणवेना. 'वॉर्डाचा अभिमान!' — पास.

शनिवार, १४

आज 'देशाच्या सन्मानाचा प्रश्न.' सहा दिवसांत तिसरं कारण, खिळ्यावर तिसरं पान. एका पत्रकाराने विचारलं, तर म्हणे ही प्रश्न विचारण्याची वेळ नाही. मग ती वेळ कोणती, ते एकदा छापून टाका!

रविवार, १५

रोहितचा फोन! सुभद्राबाई मोबाइल ताटासारखा दोन्ही हातांनी धरून धावत आल्या. स्पीकर लावला. मी पहिलाच प्रश्न टाकला, नेमके कुठे आहात?

"ते सांगता येत नाही, काका. पण मस्त आहो. दोनशे माणसाची भाजी करून राहिलो, अन् तुमी मले जागा विचारून राहिले!" मग आईला, "माय, तू बातम्या पाहू नको वं. सुटीत आलो का तुले सीताबर्डीले नेतो. साडी घेऊ. तुह्या पसंतीची."

बाई रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या.

बातम्या पाहू नको — हे त्याचं, का त्याला शिकवलेलं? उत्तराला बोलून दाखवलं. "पोरगं आईला आणखी काय सांगणार? ह्यातही सरकार?" असेल. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

सोमवार, १६

फ्लेक्स लागला. रोहितपेक्षा भैय्याजींचा चेहरा मोठा आहे. सुभद्राबाई दोनदा जाऊन बघून आल्या.

मंगळवार, १७

दुपारी एका परदेशी वाहिनीवर धूर दाखवला. आपल्या चारांपैकी एका जहाजावर, म्हणे. कोणतं ते सांगितलं नाही. आपल्या सगळ्या वाहिन्यांवर क्रिकेट!

रोहितचा फोन लागत नाही. सुभद्राबाई दिवसभर आमच्याच पडवीत बसून होत्या. उत्तराने चहा दिला, तो तसाच थंड झाला. मी एकदा म्हणालो, "काहीतरी दडपताहेत." उत्तराने असं बघितलं की मी उठून आत गेलो.

बुधवार, १८

अखेर निवेदन! 'किरकोळ तांत्रिक बिघाड. जहाजावरील सर्व जण सुखरूप. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.'

एक ओळ. ना जहाजाचं नाव, ना माणसांची. पान खिळ्याला अडकवलं. आता तिथे चार झाली.

सुभद्राबाईंनी शिरा केला. वाटी घेऊन स्वतः आल्या. मला राहवलं नाही. म्हणालो, "पण यादी कुठे आहे? बिघाड आहे तर पोराचा फोन का लागत नाही? सर्व जण म्हणजे किती जण?"

त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. "भाऊजी, मले बी समजते. मी काय येडी आहो? पण आजच्या दिवस मले मानू द्या न."

मी शिरा खाल्ला. गोड होता, वेलची जास्त पडली होती. माझ्यासारख्याने दर वेळी खरं बोललंच पाहिजे, असं कुणी सांगितलंय? पण बोललो नाही तर मग त्या गोड आवाजाच्या बाईंत आणि माझ्यात फरक काय? दुपारभर हेच चाललं होतं. जाताना त्या दारात थांबल्या. म्हणाल्या, "यादी आली का मले सांगजा. तुमी सांगान तं मी मानीन."

गुरुवार, १९

अकरा वाजता व्हॉट्सॲपवर अंकितचा नवा फ्लेक्स तपासायला आला. तोच फोटो, भोवती हार. 'वीर जवान रोहित यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली भैय्याजी, हात जोडून. त्याखाली मृत्यूची तारीख — १७ फेब्रुवारी. मंगळवार! 'सर्व जण सुखरूप'च्या आदला दिवस.

अंकितचा निरोप : "काका, लय वाईट झालं. भैय्याजीले काल सकाळीच दिल्लीहून कळलं. बाईले सांभाळा. चार वाजता चौकात लावाचा हाये, तारीख बरोबर हाये का ते पाहून पास करा."

त्याला वाटलं, घरच्यांना आधी कळवलं असेल.

भिंतीपलीकडून हाक आली. "भाऊजी, यादी आली का?"

"नाही," मी म्हणालो. "सगळं ठीक आहे, सुभद्राबाई."

"मंग बरं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

साडेतीन झाले. अजून 'पास' लिहिलेलं नाही.