अर्धा शब्द पुरे

प्रिय चिऊ,

रविवारी तुझा फोन मी घाईने ठेवला, त्याचा राग धरू नकोस. बोलायचं बरंच होतं, पण तू मध्येच तोडतेस आणि मग मुद्दाच माझ्या डोक्यातून जातो. म्हणून हे पत्र.

आधी ऑफिसची बातमी. सुट्टीत तू शिकवून गेलीस त्या काळ्या पडद्याशी, माउसशिवाय नुसत्या टाइप केलेल्या कमांडवर चालणाऱ्या, माझं आता चांगलं जमलंय. हात थरथरायला लागल्यापासून माउसने माझ्या नाकी नऊ आणले होते. एकदा तर सबंध वर्षाची ध्वनिमुद्रणं भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडली आणि मी खापर कॉम्प्युटरवर फोडलं. साहेब गोडच बोलले, "तुम्ही आता आवक-जावक बघा." अठ्ठावीस वर्षं मी रेडिओच्या त्या जुन्या टेपा सांभाळल्या, गं. ते ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही, हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

आता फाइलच्या नावाची तीन अक्षरं लिहून टॅब दाबतो, उरलेलं नाव आपोआप उमटतं. लांबलचक कमांड पुन्हा लिहीत बसत नाही. कंट्रोल आणि आर दाबून तिच्यातला एखादा तुकडा दिला की ती हजर. फाइली पुसायच्या आधी तेच नाव यादीच्या कमांडला देऊन काय काय पुसलं जाईल ते बघायचं, हे तुझं सांगणं तर मी घोकूनच ठेवलंय. मंगळवारी त्यानेच वाचवलं. 'इथे काहीही चालेल' असं सांगणारी ताऱ्याची खूण आणि नाव यांच्यामध्ये माझ्या बोटाने एक मोकळी जागा सोडली होती. पुसायच्या होत्या चाळीस फाइली आणि यादीत उतरलं अख्खं फोल्डर. ती जागा काढली, मगच पुसलं; जादा काहीच गेलं नाही.

बुधवारी एक निवृत्त नर्स आल्या. त्यांची आई पूर्वी रेडिओवर मुलांना गोष्टी सांगायची, तो आवाज त्यांना एकदा ऐकायचा होता. याआधी दोनदा येऊन हात हलवत परत गेल्या होत्या. नोंदींच्या नऊ हजार फाइली, त्यात आईचं आडनाव कुठेच नाही. मी त्यांना शेजारी बसवलं आणि सगळ्या फाइलींत शब्द शोधणाऱ्या ग्रेप कमांडला आडनावाचा फक्त अर्धा भाग दिला. कुणीतरी टाइप करताना शेवटचं अक्षर चुकवणार, हे मला आमच्या खात्यावरून ठाऊकच होतं. चुटकीसरशी एक ओळ आली. आडनाव चुकीचं, पण टेप तीच.

हेडफोन लावून बाईंनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी आईला सर्दी झालेली दिसतेय." आणि हसल्या. साहेब दारात उभे होते. गुरुवारी आवक-जावकचं रजिस्टर माझ्या टेबलावरून उचललं गेलं होतं.

आता खरं सांगतो. शनिवारी आत्याच्या तोंडून निसटलं, की समुद्रापलीकडची ती नोकरी तू नाकारणार आहेस. "बाबांचा हात असा, मी कशी जाऊ," असं तू तिला म्हणालीस. आत्यावर चिडू नकोस, तिच्या पोटात कधी काही राहिलंय का? हात बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी तुला सांगितलंय तसं मलाही सांगितलंय. शर्टाची बटणं जमत नाहीत, म्हणून बिनबटणांचे चार शर्ट आणलेत. चहा अर्धा कपच ओततो. आत्या दोन जिने खाली राहते आणि रोज नको इतकी चौकशी करते. मला तुझी आठवण येईल, खूप येईल, पण अडणार काही नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे म्हणे. होकार कळव. हे पत्र मी कॉम्प्युटरवर छापलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. चार दिवस लागले, तीन कागद वाया गेले, पण लिहिलंय माझ्याच हाताने, आणि तू ते शेवटपर्यंत वाचू शकलीस.

तुझाच,
बाबा