मामींच्या अंगठ्याचे विषाणू

तीर्थरूप मामांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (हातमोजे आत्ताच काढलेत, काळजी नसावी). तुमचा खोकला कसा आहे? मामींची जखम भरत आली आणि पायाचा अंगठा कापायचा बेत डॉक्टरांनी सोडला, हे कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. (जिन्यात, कारण आत साहेबांचा सत्कार चालू होता.)

झालं काय ते ऐका. मामींच्या जखमेतल्या जिवाणूंचा फडशा पाडणारे विषाणू मला सापडले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण ते भरपूर वाढवायचे म्हणजे जिवाणूंवरच वाढवावे लागतात आणि मामींचे जिवाणू वाढायला महाआळशी. साहेबांना घाई. म्हणाले, "आपल्या इथल्या जिवाणूंवर वाढव, ते भराभर होतात." वाढवले. औषध इस्पितळात गेलं आणि मामींच्या पायाला ढिम्म फरक पडेना. साहेब सगळ्यांदेखत ओरडले, "तुला साधी भांडी घासता येत नाहीत!" आणि मीही खुळ्यासारखी आठवडाभर बाटल्या घासत बसले. (लग्न केलं असतंस तरी हेच केलं असतंस, असं आई म्हणते. तिला तेवढंच समाधान.)

शेवटी मामींचे जिवाणू वाढवलेली काचेची बशी नीट निरखली. मामींच्या जिवाणूंत लाखांतले चार-दोन विषाणू तगले होते. त्यांना तिथेच वाढवलं, तर त्यांची पिल्लावळ पुन्हा पहिल्यासारखी तुटून पडली! विषाणू ज्या जिवाणूत वाढतो, तो जिवाणू त्याच्यावर आपली खूण उमटवतो. परकी खूण दिसली की दुसरा जिवाणू त्याला आत घेऊन त्याचे तुकडे करतो. (हे पुस्तकांत कधीचं लिहिलेलं आहे. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली साहेबांकडे असते.)

धावत जाऊन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग मी पहिल्यापासून काय सांगतोय?" नवं औषध गेलं, जखम भरू लागली, हार साहेबांच्या गळ्यात पडला. भाषणात त्यांनी माझंही कौतुक केलं: "आमच्याकडे हल्ली भांडी फार स्वच्छ असतात."

अशा माणसाच्या हाताखाली मी आता एक दिवसही राहणार नाही. आपल्या घराण्यात स्वाभिमान अजून शिल्लक आहे.

तुमची भाची

ता.क. माझी नेमणूक पुढच्या महिन्यात संपते आणि मुदतवाढीवर साहेबांची सही लागते. मामींना म्हणावं, साहेबांच्या नावे आभाराच्या दोन ओळी पाठवा. 'देवमाणूस' हा शब्द त्यांना आवडतो.

पुन्हा ता.क. त्यात माझं नाव चुकूनही नको. दिसलं तर सही होणार नाही. मामी हट्टी आहेत. पाकीट चिकटवण्याआधी तुम्ही एकदा वाचून बघा.