फळ्यावरचं अकरावं नाव

राजुरा,
२० नोव्हेंबर १९८५

प्रिय श्रावण,

बावीस वर्षांनी माझं अक्षर ओळखशील की नाही, म्हणून आधीच सांगते. मी सत्यशीला, वामनभाऊची बहीण, तुमच्या सामन्यांची डायरी लिहिणारी. तुझा पत्ता दसरूकडून घेतला. तुझ्या घरी कोण कोण आहे, हे त्याला विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, असं लिहिणं जास्त खरं.

आपल्या फुटबॉल संघाला यंदा पंचवीस वर्षं झाली. शाळेमागच्या मैदानावर आता पत्र्याची एक खोली आहे. तिच्या भिंतीवर आजवरच्या अकरा मोठ्या खेळाडूंच्या नावांचा फळा लागायचा आहे. पेंटर रविवारी येतो. आठ दिवसांपासून रोज माझी शाळा सुटली की मंडळी माझ्या ओसरीवर येऊन भांडतात, कारण जुन्या सामन्यांचं लिहिलेलं काही असेल तर ते माझ्याच डायऱ्यांत. देवरावचं पोट सुटलं आहे, पण गोलकीपर म्हणून स्वतःचं नाव त्यानं पहिल्याच दिवशी लिहून घेतलं. वामनभाऊ म्हणाला, "तू तं अर्धा सामना खांबाले टेकून बिडी पीत राहे गा!" देवराव म्हणाला, "मंग? बॉल माह्याकडे यायलेच भेत होता, तं मी काय करू?" तू असतास तर काय बोलला असतास, हे मी मनात जुळवून पाहिलं. आता नीट जुळत नाही.

दहा नावं ठरली. अकराव्यावर अडलं, तू की दसरू. देवराव तुझ्या बाजूनं, वामनभाऊ दसरूच्या. दसरू तिथेच बसलेला, लाकूड आगारातून सरळ आलेला, केसांत भुसा. तो म्हणाला, "श्रावणभाऊचंच नाव टाका. मी तं इथीच आहो, मले रोज पाह्यता. तो दूर गेला, त्याले कोन आठवन?" शेवटी देवराव म्हणाला, "बाईची डायरी म्हनन ते खरं. ती कोनाची नाई." मी पानं उलटून मोजलं. तुझे गोल सत्तावीस, दसरूचे सव्वीस. देवरावनं मांडीवर थाप मारली. मी डायरी मिटली.

श्रावण, डायरी कोणाची नाही, हे खरं नाही. ती पुन्हा वाचताना कळलं की तू आजारी होतास त्या सामन्यांना मी दोन ओळी दिल्या आहेत आणि तू खेळलास त्यांना दोन-दोन पानं. एका पानावर तर सामन्याचा निकालच नाही, तू गुडघ्याला हळद लावून कसा खेळलास तेवढंच आहे.

आणि त्रेसष्टचा तो अंतिम सामना. बल्लारपूरचा संघ, शेवटची मिनिटं, गोलसमोर धूळ आणि धुळीत आठ-दहा पाय. चेंडू आत गेला आणि मी तुझं नाव लिहिलं. मला दिसलं काहीच नव्हतं. तुमची रीत होती, जिंकून देणारा गोल ज्याचा त्यानं चेंडू घरी न्यायचा, मोहाच्या बियांचं तेल लावून त्याचं चामडं मऊ करायचं आणि सकाळी आणून द्यायचा. माझ्या डायरीवरून चेंडू तुला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू रिकाम्या हातानं आमच्या दारात आलास आणि म्हणालास, "बॉल दसरूच्या घरी देऊन आलो. गोल त्याचा हाये, माह्या पायाले लागलाच नाई. डायरीत सुधरव." मी म्हटलं, "सुधरवते." तू हसलास, आणि त्या हसण्यातच माझी दुरुस्ती राहून गेली, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. खरं असं, की मला तू दसरूपेक्षा एका गोलानं मोठा हवा होतास.

वामनभाऊनं त्या डायरीवरून नागपूरच्या पेपराला तुझ्या गोलाची बातमी पाठवली. तिचं कात्रण घेऊन परासियाकडच्या कोळसा खाणीच्या संघासाठी खेळाडू पाहणारा माणूस महिन्याभरानं तुला शोधत आला. तुझा खेळ त्यानं स्वतः पाहिला, नोकरी तू तुझ्या पायांवर मिळवलीस, त्याबद्दल मनात काही आणू नकोस. पण त्याला राजुऱ्याची वाट माझ्या त्या ओळीनं दाखवली. एस.टी. निघताना तू खिडकीतून म्हणालास, "येतो." तुझी तीन पत्रं आली. चौथ्याची मी किती वाट पाहिली, ते कुठल्याच डायरीत लिहिलेलं नाही. तुला माझ्यापासून दूर नेणारी ओळ माझीच होती, आणि ती मी तुझ्यावरच्या मायेनं लिहिली होती.

आज शाळेतून आल्यावर ते पान काढलं. तुझं नाव खोडून दसरूचं लिहिलं, खाली सही केली, आजची तारीख घातली. मग डायरी घेऊन आगारात गेले आणि दसरूला दाखवली. तो पान वाचून म्हणाला, "काऊन बाई, आता काऊन?" मी डायरी मिटून घरी आले. आता तुझे सव्वीस, त्याचे सत्तावीस. रविवारी फळ्यावर दसरूचं नाव लागेल, तुझं नाही. ते तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून हे पत्र, असं मी इथवर समजत होते. पण दसरूच्या प्रश्नानं पाठ सोडली नाही. बावीस वर्षं दाबलेलं खरं मी आजच का लिहिलं? दसरूला त्याचं मिळावं म्हणून, की तुझं नाव खोडलं तर भांडायला तरी तू एकदा राजुऱ्याला येशील म्हणून? खूप विचार केला. दोन्ही खरं आहे, आणि कुठलं जास्त, ते मला सांगता येत नाही. पेंटर रविवारी सकाळी दहाला येतो.

तेव्हाही आणि खोडल्यानंतरही, तुझीच
सत्यशीला