बाबांनी भरलेलं पाणी

फुलपाडा, विरार (पूर्व)
२१ फेब्रुवारी १९९९

चि. स्वप्ना हिस,
फुलपाड्याहून आईचे पोटभर आशीर्वाद.

पहाटे नळ सूं सूं करायला लागला की तुझे बाबा अंथरुणातून उठत नसत, उडीच मारत. आधी पिंप, मग कळश्या, मग पातेली, शेवटी दुधाचं भांडंसुद्धा. फ्रान्सला निघाले त्या सकाळीही तेच. खाली रिक्षा उभी आणि हे पँट दुमडून मोरीत. विमान चुकेल म्हणून मी ओरडले, तर म्हणाले की तुझी चार दिवसांची सोय करून जातो. पाणी चार दिवस पुरलं. माणूस परत आला नाही.

तुझं पत्र आल्यापासून हेच डोळ्यांपुढे आहे. त्यांना पुरलं त्या ब्रेव्हाल गावची नगरपालिका म्हणते, पाच वर्षं झाली, दफनाला फुकट दिलेली जागा आता दुसऱ्याला लागेल. एप्रिलअखेर अस्थी न्या, नाहीतर सगळ्यांच्या एकत्र खड्ड्यात ठेवू. मी फार चिडले. खालची मटिल्डा म्हणाली की त्यांच्या चर्चच्या कबरस्थानातही जागा अपुरी, तिच्या सासऱ्याच्या जागेत आता आतेसासू आहे आणि जिवंतपणी दोघांचं क्षणभर पटत नव्हतं. मला हसू आलं, मग रडू.

सातिवलीच्या कारखान्याने नवं यंत्र शिकायला त्यांना तीन महिने धाडलं होतं. तिथे हृदय बंद पडलं तेव्हा देह आणायला कोणी पुढे आलं नाही. रामनाथभावजींनी इथे दर्भाचा पुतळा जाळला. मी गवताला नमस्कार केला, बाळा. तेव्हापासून एकच इच्छा आहे, त्यांना घरी आणायचं. तू त्याच देशात आहेस, तू जा आणि घेऊन ये. नाशिकला नेऊ.

थंडीची टोपी घाल. माया करतेस तशीच करत राहा.
तुझी आई

ल्यों
१४ मार्च १९९९

ती. आईस,
दुरून का होईना, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

काल ब्रेव्हालला गेले. गाव आपल्या एका गल्लीएवढं. नदी रुंद, हिरवट, घरांच्या पायऱ्यांना लागून वाहते. नगरपालिका म्हणजे पोस्टाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नगराध्यक्षबाईंनी स्वतः कॉफी दिली. अस्थी काढून त्यांचं दहन करून देतील. पुढे भारतात न्यायच्या की तिथेच नदीत सोडायच्या, ते आईने ठरवावं म्हणाल्या.

बाबा ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत, त्या मादाम रेनो आता फार थकल्यात. त्या सांगत होत्या की हा गृहस्थ रोज पहाटे उठून घरातली सगळी भांडी पाण्याने भरून ठेवी. सूपचं पातेलं, फुलदाणी, बागेतली झारीसुद्धा. इथे दिवसभर पाणी असतं, हे त्यांनी नळ सोडून दाखवलं. बाबा हसून मान डोलवत आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा भरत. शेवटच्या दिवशीही भरलेलं होतं. ते पाणी बाईंना मोरीत ओतवेना. त्यांनी ते झारीझारीने बाबांच्या कबरीवर नेऊन घातलं. तेव्हापासून दर रविवारी झारी घेऊन जातात.

तुमच्या धर्मात असं काही व्रत आहे का, असं मला विचारत होत्या. मी म्हटलं, विरारला आहे.

तू सांगशील तसं करीन. रागावू नकोस, लवकर लिही.
तुझी स्वप्ना

फुलपाडा
२८ मार्च १९९९

चि. स्वप्ना हिस,
आशीर्वाद.

व्रताचं वाचून मोठ्याने हसले. मग भांडी घासायची सोडून बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटे, ते परक्या मातीत बेवारस पडलेत. आम्ही इथे गवत जाळलं, आणि ती बाई तिथे खरं पाणी घालत होती.

नाशिकला नको. अस्थी तिथल्याच नदीत सोड.

भावजी भडकले. परक्या नदीने मुक्ती मिळते का, म्हणाले. मी म्हटलं, मला शास्त्र कळत नाही, मी वाचते ती रद्दीवाल्याकडची पुस्तकं. पण जन्मभर नळाची वाट पाहिलेल्या माणसाच्या दाराशी आता नदी आहे. तिथून त्यांना उचलून पुन्हा रांगेत आणवत नाही.

खरं सांगू, मला ते इथे हवे होते. त्यांची एक चिमूटही आता माझ्या हाताला लागायची नाही, हे लिहिताना पेन थांबतं. तरी तसंच कर. मादामबाईंना बरोबर ने. आधी त्यांची झारी, मग तुझा हात.

जपून उतर, पायऱ्या निसरड्या असतील.
आई

ल्यों
१२ एप्रिल १९९९

ती. आईस,
नमस्कार.

काल रविवारी अस्थी नदीत सोडल्या. मादामनी झारी रिकामी केली, मग मी. नगराध्यक्षबाई मागे उभ्या होत्या. पाण्याला ओढ होती, काही क्षणांतच काही दिसेनासं झालं. मी तुझं नाव घेतलं. परत निघताना मादामनी झारी नळाखाली धरली आणि भरून ठेवली.

तुझी स्वप्ना

फुलपाडा
२५ एप्रिल १९९९

चि. स्वप्ना हिस,
आशीर्वाद.

पत्र शुक्रवारी आलं. मटिल्डाला वाचून दाखवलं. भावजींनाही दाखवलं; ते चहा घेऊनच गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला. पहिली कळशी मी त्यांच्या नावाने ओतून दिली. मग पिंप भरलं.

तुझी आई