साडेसहा गुण

७ ऑक्टोबर

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललेले ज्याला त्याला सोयीपुरतेच आठवते. म्हणून जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहिते.

शुक्रवारी संध्याकाळी ठीक सात वाजता मी तुझी मुलगी काम शिकते त्या जपानी रेस्तराँमध्ये पोहोचले. आमंत्रण सातचे होते. उरलेले सात पाहुणे सव्वासातपर्यंत रमतगमत आले. आत टेबले नाहीत. फिक्या लाकडाचे एकच लांब काउंटर, अलीकडे आठ खुर्च्या, पलीकडे आपली मनी. मेनूकार्डही नाही. ती देईल ते, देईल त्या क्रमाने खायचे. ही पद्धत मला पटली. निवड करायला मिळाली की माणसे सोपे तेवढेच उचलतात.

प्रथम हात पुसायला गरम ओला रुमाल आला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी त्याने मान पुसली. मग एकेक घास सुरू झाला. मनी भाताची बोटभर मूठ वळते, दोनदा दाबते, तिसऱ्यांदा नाही, आणि वर कच्च्या माशाचा काप ठेवते. सुरी पुसल्याशिवाय दुसऱ्या माशाला लावत नाही. मी सतत पाहत होते. एकदाही चुकली नाही.

वही मी नेलीच होती. घास समोर आला की आधी रंग, कड, आकार, मांडणी यांची सविस्तर नोंद आणि मगच चव, हा माझा शिरस्ता तुला ठाऊक आहे. सहाव्या घासावर आले जरा जास्त होते. नववा घास समुद्रशैवालाच्या काळ्या पापुद्र्यात गुंडाळलेला. तो पापुद्रा मऊ पडलेला, चिवट, दाताने तुटेना. अर्धा गुण वजा केला. शेवटी अभिप्रायाचे कार्ड आले. त्यावर दहापैकी साडेसहा लिहून सही केली.

चाळीस वर्षे रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची परीक्षक होते. साडेसहाच्या वर कोणाला दिल्याचे स्मरत नाही. मुलीने नाव काढले, असे खुशाल समज.

तुझी,
ताई

११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून हसावे की डोके आपटावे कळेना. त्या कार्डाचा अर्थ तुला कोणी सांगितला नाही, कारण सांगायचा नसतो असा तिथला नियम. तो आता मी सांगतो.

शुक्रवार हा मनीच्या परीक्षेचा दिवस होता. आठांपैकी एकाही पाहुण्याचे कार्ड सातच्या खाली गेले, तर काउंटर दुसऱ्या मुलीला मिळणार आणि मनी पुन्हा मागच्या खोलीत तांदूळ धुवायला. आठांतला एक पाहुणा परीक्षा देणाऱ्याने स्वतः निवडायचा असतो. सख्खा बाप जिवंत असताना पोरीने तुला निवडले! मी न चाखता दहा दिले असते. बाकी सातांनी नऊ-दहा दिले. त्या मानपुश्या गृहस्थांनी तर दहावर एक बदामही काढला. एकटी तू साडेसहा!

सहा वर्षे झाली तिला तिथे. बोटांवर कापल्याचे वळ किती ते तिची आई मोजते, मी मोजत नाही. पोर काही बोलत नाही. जेवते आणि झोपते. मुख्य आचारी महिनाअखेरीस निर्णय देणार आहेत. ताई, अर्ध्या गुणाचा प्रश्न आहे. तो काही तुझ्या पेन्शनीतून कापला जायचा नाही. दोन ओळी त्यांना लिही. आयुष्यात एकदा तरी ढिलाई कर. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
बाळ

१४ ऑक्टोबर

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचे पत्र आले. त्यांना उत्तर देत नाही, कारण ते गुण मागत आहेत आणि गुण मागितल्याने वाढत नाहीत. त्यांनी न चाखता दहा दिले असते. म्हणूनच तू त्यांना बोलावले नाहीस, असे मी धरून चालते.

तुझे नुकसान झाले याचे मला वाईट वाटते. परंतु वाईट वाटणे हे फेरतपासणीचे कारण होऊ शकत नाही. तपासण्यात चूक झाली असेल, तरच गुण बदलतो. नवव्या घासाचा पापुद्रा मऊ होता की नव्हता? होता, तर का होता? एवढेच लिही. रडगाणे नको.

तुझी,
आत्या

१८ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पापुद्रा मऊ होता. तू लिहिलेस ते खरे आहे.

का होता, हे लिहायचे नव्हते. पण तू विचारले आहेस. तो पापुद्रा निखाऱ्यावर शेकलेला असतो. गरम भात त्यात गुंडाळला की जेमतेम एक मिनिट कुरकुरीत राहतो. म्हणून तो घास बशीत न ठेवता हातात देतात. मी तुझ्या हातात दिला. तू तो बशीत ठेवलास, चष्मा पुसलास आणि लिहायला लागलीस. मी समोरच्या घड्याळात पाहत होते. चार मिनिटे झाली.

तोंडाशी आले होते की आत्या, आधी खा, मग लिही. बोलले नाही. पाहुण्याला घाई करायची नाही असे आम्हाला शिकवले आहे, पण खरे सांगायचे तर ते कारण नव्हते. तू लिहीत असताना मधे बोलायची हिंमत आपल्या घरात कोणाची झाली आहे? मुख्य आचाऱ्यांना मी हे सांगितलेले नाही. तूही सांगू नकोस. काउंटरवरच्या बाईने खाणाऱ्याला वेळेवर सांगायला हवे. तेव्हा तो अर्धा गुण माझाच गेला. सहाव्यावरचे आले मात्र खरेच जास्त होते. ते बाकी कोणाच्या लक्षातही आले नाही.

तुझी,
मनी

२२ ऑक्टोबर

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

काल दुपारी मी तुझ्या मुख्य आचाऱ्यांना भेटून आले. तू तेव्हा मागे तांदूळ धूत होतीस. पाण्याचा आवाज येत होता. सांगू नकोस असे तू लिहिले होतेस. ती विनंती मी मान्य केली नाही.

मी लेखी निवेदन नेले होते: नमुना चार मिनिटे उघड्यावर ठेवून मग तपासला, सबब निष्कर्ष अग्राह्य, दोष परीक्षकाचा. त्यांनी ते उभ्यानेच वाचले. मग एक पापुद्रा शेकला, भात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. वही पिशवीतच राहिली. मी खाल्ला. पापुद्रा मोडल्याचा आवाज मला माझ्या कानांनी ऐकू आला.

कार्डावर साडेसहा खोडून मी सात लिहिले आणि खाली दोघांच्या सह्या झाल्या. हात लागलाच आहे तर आठ करता का, असे त्यांनी गमतीने विचारले. मी नाही म्हटले. आले जास्त होते. सोमवारपासून काउंटर तुझे आहे. हे ते तुला स्वतः सांगणार आहेत, तेव्हा प्रथमच ऐकल्यासारखे कर.

ही दया नव्हे, एवढे तुझ्या बाबांना बजाव.

आता माझे एक काम. तुझे पत्र आल्यापासून माझे वाचनात लक्ष नाही. परीक्षकाची चूक तुला समोर दिसत होती, आणि तू घड्याळाकडे पाहत गप्प उभी राहिलीस. चाळीस वर्षे माझ्यासमोर टेबलापलीकडे मुले उभी राहिली. त्यांतली किती अशीच गप्प राहिली असतील, हे मोजायला आता काही साधन नाही. ती कुठे आहेत, मला ठाऊक नाही. तू आहेस.

तुझ्या जन्मापासून आजवर मी तुझ्या बाबतीत कुठे कुठे चुकले आणि तू कधी कधी गप्प राहिलीस, ते क्रमवार, शक्य असेल तिथे तारखेसह, लिहून पाठव. माझ्याकडे पाहून तू पुन्हा गप्प बसशील, म्हणून भेटून सांगितलेले चालणार नाही. फोन मी उचलणार नाही. उत्तर लेखी हवे.

तुझी,
आत्या